वितळलेल्या क्षारातून धातूचा थर बसवताना ऑक्साइडचा बंदोबस्त कसा करायचा

आधी एक छोटा हिशेब करू. लिथियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइडचं २०० ग्रॅम मिश्रण घेतलं आणि त्यात २ ग्रॅम निओडिमियम क्लोराइड टाकलं. निओडिमियम झालं साधारण ८ मिलिमोल. आता समजा मिश्रणात ०.१ टक्का पाणी राहून गेलं. ते ०.२ ग्रॅम, म्हणजे ११ मिलिमोल. त्यातला सगळा ऑक्सिजन क्षारात अडकला, तर एकेक ऑक्साइड आयन एकेका निओडिमियमला धरून ऑक्सिक्लोराइडच्या रूपात तळाशी बसेल, आणि कॅथोडवर (वीज सोडल्यावर ज्या ऋण टोकावर धातूचा थर बसतो तिथे) यायला काहीच शिल्लक राहणार नाही. प्रत्यक्षात बरंचसं पाणी वाफ होऊन निघून जातं, म्हणून इतकी वाईट वेळ क्वचित येते. तरीही बाटलीवरचं '९९.९ टक्के शुद्ध' हे लेबल किती फसवं असतं, ते या आकड्यांवरून कळतं.

म्हणून ऑक्साइड पीपीएममध्ये (दहा लाखांत किती भाग) मोजून समाधान मानू नका. दर मोल धातूमागे ऑक्साइड किती मोल आहे, हे गुणोत्तर वहीत पहिल्या ओळीत लिहा. २०० पीपीएम ऑक्सिजन असलेल्या क्षारात ५ टक्के धातू-क्षार (ज्याचा थर हवा त्या धातूचा क्षार) असेल तर काम निभावून जाईल. त्याच क्षारात ०.२ टक्के धातू-क्षार असेल तर दिवस वाया गेला म्हणून समजा.

(पुढे वितळलेल्या क्षाराला मी नुसतं 'रस' म्हणणार आहे, धातूच्या रसाला म्हणतात तसं.)

बिघडतं ते नेमकं काय

पाण्यात आम्ल-अल्कलीचा विचार हायड्रोजन आयनावर चालतो, रसात तो ऑक्साइड आयनावर चालतो. रसायनशास्त्रज्ञ लक्सने १९३९ मध्ये ही कल्पना मांडली आणि फ्लुडने १९४७ मध्ये ती पुढे नेली: ऑक्साइड आयन देणारा तो अल्कधर्मी, घेणारा तो आम्लधर्मी. या भाषेत टायटॅनियम, झिर्कोनियम, नायोबियम, टँटलम, युरेनियम आणि दुर्मिळ मृदा धातूंचे (निओडिमियम त्यांतलाच) आयन चांगलेच आम्लधर्मी. ऑक्साइड दिसला की झडप घालतात. चांदी किंवा शिशाला त्याचं फारसं सोयरसुतक नसतं. नवीन सेल जुळवली की चांदीचा थर बसवून हात साफ करण्याची पद्धत चांगली आहे. फक्त चांदी छान बसली म्हणून रस ऑक्साइडमुक्त आहे असं मानू नका. त्या चाचणीत ऑक्साइडची परीक्षा होतच नाही.

पहिला परिणाम म्हणजे धातूचा आयन रसातून कमी होणं. क्लोराइड रसात सहसा न विरघळणारा ऑक्सिक्लोराइड किंवा ऑक्साइड तयार होऊन खाली बसतो. फ्लुओराइड रसात बहुतेकदा तो विरघळलेलाच राहतो, पण ऑक्सिफ्लुओराइड संकुल (मधोमध धातू आणि भोवती इतर आयन असा गट) बनून. नायोबियमचंच घ्या. लिथियम, सोडियम आणि पोटॅशियम फ्लुओराइडच्या रसात तो सात फ्लुओराइडांच्या वेढ्यात असतो. ऑक्साइड-नायोबियम गुणोत्तर १ च्या आसपास गेलं की एक ऑक्सिजन आत शिरलेलं संकुल तयार होतं, २ कडे गेलं की दोन शिरलेलं. हे संकुल मोडायला अवघड, म्हणून त्याचं क्षपण (इलेक्ट्रॉन घेऊन धातू होणं) सहसा जास्त ऋण विभवाला, म्हणजे जास्त ऋण व्होल्टला, होतं आणि कॅथोडवर धातूच्या जोडीने कमी ऑक्सिजनचे ऑक्साइडही येऊ लागतात. सलग थराऐवजी काळपट भुकटी मिळते.

दुसरा परिणाम धातूच्या पोटात होतो. टायटॅनियमच्या जाळीत ऑक्सिजन मुकाट्याने विरघळतो. अल्फा टायटॅनियममध्ये (खोलीच्या तापमानाला असतं ते रूप) ३० टक्क्यांहून जास्त अणू ऑक्सिजनचे असले तरी वेगळा ऑक्साइड दिसत नाही. वापरायच्या शुद्ध टायटॅनियमची ऑक्सिजन-मर्यादा मात्र ग्रेड १ ला ०.१८ टक्के आणि ग्रेड ४ ला ०.४० टक्के. एवढ्याशा फरकाने धातू मऊचा कडक होतो. म्हणजे थर चकचकीत दिसूनही वाकवल्यावर तुकडा पडू शकतो.

तिसरा परिणाम पृष्ठभागावर. ऑक्साइडची पातळ साय धातूच्या कणांवर किंवा थेंबांवर बसते. मॅग्नेशियमच्या उद्योगात हे जुनं दुखणं आहे: मॅग्नेशियम ऑक्साइडच्या सायीमुळे वितळलेले थेंब एकमेकांत मिसळत नाहीत, त्यासाठी रसात थोडं कॅल्शियम फ्लुओराइड घालतात. घन थराच्या बाबतीत हीच साय कॅथोडचा काही भाग झाकते, उरलेल्या जागी प्रवाह एकवटतो आणि तिथून झाडाच्या फांद्यांसारखी वाढ सुरू होते.

आणि ॲनोडकडे दुर्लक्ष करू नका. कार्बनच्या ॲनोडवर ऑक्साइड आयन जळून कार्बन मोनॉक्साइड आणि डायऑक्साइड देतो. डायऑक्साइड पुन्हा ऑक्साइडला भेटला की कार्बोनेट बनतं, आणि कॅथोडवर कार्बोनेटचं क्षपण होऊन काजळी बसते. बोटाला काळं लागलं, आम्लात टाकल्यावर विरघळलं नाही, तर तो धातू नसून कार्बन असण्याची शक्यता आधी तपासा.

पायरी १: ऑक्साइड कुठून येणार याचा अंदाज

संशय सहसा आर्गॉनच्या सिलिंडरवर जातो. हिशेब काही वेगळंच सांगतो. ५ पीपीएम पाणी असलेला आर्गॉन मिनिटाला १०० मिलिलिटर या वेगाने १० तास सोडला, तर ६० लिटर वायूबरोबर सुमारे ०.०१२ मिलिमोल पाणी येतं. सुरुवातीच्या ८ मिलिमोल निओडिमियमपुढे हे किरकोळ. आता सांध्यातून मिनिटाला १ मिलिलिटर हवा आत शिरते आहे असं धरा: १० तासांत ६०० मिलिलिटर हवा, त्यात साधारण ५ मिलिमोल ऑक्सिजन वायू, म्हणजे १० मिलिमोल ऑक्साइड व्हायला पुरेल इतका. गॅस प्युरिफायर बसवण्याआधी झाकणाच्या खाचेतली ओ-रिंग बदला, असं मी म्हणतो ते यामुळे.

उरलेले तीन स्रोत म्हणजे क्षारातलं पाणी, भांडं आणि खुद्द धातू-क्षार. शेवटचा सर्वांत लबाड. 'निर्जल' म्हणून विकत घेतलेल्या क्लोराइडमध्ये ऑक्सिक्लोराइड आधीपासून असू शकतो. थोडा नमुना कोरड्या, शुद्ध रसात टाकून पाहा. गढूळपणा आला आणि तासाभरात निवळला नाही, तर ती बाटली बाजूला ठेवा.

पायरी २: भांडं आणि इलेक्ट्रोड

क्लोराइड रसाला ४५०-५०० °से. ला ॲल्युमिनाची मूस बऱ्याचदा चालते, पण लिथियम किंवा दुर्मिळ मृदा धातू मोकळा होणार असेल तर तो ॲल्युमिनातला ऑक्सिजन ओढतो. फ्लुओराइड रसाला ॲल्युमिना आणि क्वार्ट्झ दोन्ही वर्ज्य, कारण दोन्ही विरघळतात. तिथे ग्लासी कार्बन, ग्रॅफाइट किंवा निकेल वापरा. ग्रॅफाइट सच्छिद्र असतो आणि ओल धरून ठेवतो, तेव्हा तो आधी व्हॅक्यूममध्ये रिकामाच तापवून घ्या, रसाच्या कामाच्या तापमानापेक्षा वर नेऊन. संदर्भ इलेक्ट्रोडसाठी (ज्याच्याशी तुलना करून विभव मोजतात तो) क्लोराइडमध्ये सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड, पातळ काचेच्या किंवा म्युलाइटच्या नळीत. फ्लुओराइडमध्ये काच टिकत नाही. तिथे बोरॉन नायट्राइडच्या आवरणातला निकेल किंवा नुसती प्लॅटिनमची तार वापरतात. तारेचं विभव मात्र सरकतं, हे विसरू नका.

पायरी ३: वाळवणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि कारण एकच: घाई. पोटॅशियम क्लोराइड निमूटपणे वाळतं. लिथियम क्लोराइड उघड्यावर ठेवलं तर बघता बघता ओलं होतं. मॅग्नेशियम क्लोराइडचा सहा पाण्यांचा स्फटिक तर नुसता तापवला की पाणी सोडता सोडता स्वतःच त्याच्याशी अभिक्रिया करतो, हायड्रोजन क्लोराइड उडून जातो आणि मागे हायड्रॉक्सिक्लोराइड व नंतर ऑक्साइड उरतो. एकदा असं झालं की ते कितीही वाळवून परत येत नाही.

म्हणून क्षार पातळ थरात पसरा आणि व्हॅक्यूममध्ये आधी खोलीच्या तापमानाला रात्रभर ठेवा. मग १०० ते १२० °से. ला काही तास. व्हॅक्यूम गेजचा काटा स्थिर झाल्याखेरीज पुढे जाऊ नका. घड्याळापेक्षा गेजवर विश्वास ठेवा. त्यानंतर तासाला २०-३० अंशांच्या चालीने २५० पर्यंत चढा आणि तिथे दिवसभर थांबा. आधी आणि नंतर वजन करा. ओला क्षार गरम रसात कधीही टाकू नका: पाण्याची वाफ एकदम फुटते आणि ४५० अंशांचा रस अंगावर उडतो.

पाणी घट्ट धरणाऱ्या क्लोराइडांसाठी (मॅग्नेशियम, दुर्मिळ मृदा) त्यात अमोनियम क्लोराइड मिसळून तापवायची रीत जुनी आणि खात्रीची आहे. ते तापून हायड्रोजन क्लोराइड देतं आणि पाण्याला क्षाराशी अभिक्रिया करू देत नाही. मात्र उडालेलं अमोनियम क्लोराइड बाहेर जाणाऱ्या नळीच्या थंड भागात पांढऱ्या कापसासारखं साचतं. माझी नळी एकदा पूर्ण चोंदली होती. आतला दाब वाढून झाकण उचललं गेलं तेव्हा कळलं. तेव्हापासून मी तिथे रुंद नळी आणि मधोमध एक रिकामी बाटली लावतो.

पायरी ४: वितळल्यावरचं शुद्धीकरण

नुसतं वाळवून सगळं जात नाही. पुढचा मार्ग रसावर आणि तुमच्याकडच्या सोयींवर अवलंबून आहे.

क्लोराइड रसात कोरड्या हायड्रोजन क्लोराइडचे बुडबुडे सोडणं हा खरा इलाज. हायड्रॉक्साइड आणि ऑक्साइड दोन्ही क्लोराइड होतात आणि पाणी वाफेने बाहेर पडतं. त्यानंतर भरपूर वेळ आर्गॉन सोडून विरघळलेलं हायड्रोजन क्लोराइड हाकलावं लागतं. ते राहिलं तर कॅथोडवर धातूऐवजी हायड्रोजन येतो. नळी क्वार्ट्झची, भांडं ग्लासी कार्बनचं, बाहेर निघणारा वायू अल्कलीच्या द्रावणातून, आणि हे सगळं धूर-कपाटात.

फ्लुओराइडमध्ये हेच काम हायड्रोजन फ्लुओराइड करतं. अमेरिकेतल्या ओक रिजच्या प्रयोगशाळेत मोल्टन सॉल्ट रिॲक्टरसाठी (वितळलेल्या क्षारावरची ही अणुभट्टी १९६५ ते १९६९ चालली) क्षार असाच शुद्ध केला होता: निकेलच्या भांड्यात हायड्रोजन फ्लुओराइड आणि हायड्रोजन मिळून. हायड्रोजनमुळे भांड्याचा निकेल गंजत नाही. छोट्या प्रयोगशाळेत अमोनियम बायफ्लुओराइड मिसळून तापवतात, पण त्यातूनही हायड्रोजन फ्लुओराइडच बाहेर पडतं. हा वायू आणि त्याचं आम्ल त्वचेतून थेट आत जातं, दुखायला उशीर लागतो आणि तोवर इजा झालेली असते. कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी, सोबत प्रशिक्षित माणूस आणि त्यासाठीच बांधलेली वायुव्यवस्था नसेल तर या वाटेला जाऊ नका.

वायू नको असेल तर पूर्व-विद्युत अपघटन, म्हणजे धातू-क्षार टाकण्याआधीच रसातून वीज सोडून घाण काढणं. मोठ्या क्षेत्रफळाचा टंगस्टन किंवा निकेलचा कॅथोड, ग्लासी कार्बनचा ॲनोड, आणि विभवांतर रसाच्या विघटनाच्या बरंच खाली. लिथियम-पोटॅशियम क्लोराइडचं विघटन ४५० °से. ला ३.६ व्होल्टच्या आसपास होतं, म्हणून २.५ व्होल्ट ठीक. प्रवाह पडत पडत सपाट झाला की थांबा. हायड्रॉक्साइड, लोह, निकेल, शिसं यांच्यासाठी ही पद्धत छान. ऑक्साइडही ॲनोडवर जळतो, पण सावकाश, आणि ॲनोडचे कण रसात सुटतात. संपल्यावर कॅथोड प्रवाह चालू असतानाच बाहेर काढा, नाहीतर जमलेली घाण परत विरघळते.

मॅग्नेशियमचा तुकडा रसात ठेवणं हा उपाय सोपा म्हणून सांगितला जातो. तो हायड्रॉक्सिक्लोराइडमधला हायड्रोजन मोकळा करतो, पण ऑक्सिजन जातो कुठे? मॅग्नेशियम ऑक्साइड होऊन रसातच राहतो. तो खाली बसू देऊन वरचा रस ओतून घेतला तरच फायदा.

पायरी ५: मोजणं

धातू-क्षार टाकण्याआधी मोजा. सगळ्यात स्वस्त रीत म्हणजे अनुमापन. कोरड्या क्वार्ट्झच्या कांडीवर रसाचा नमुना थिजवून घ्या, १ ग्रॅम वजन करा, उकळून कार्बन डायऑक्साइड घालवलेल्या पाण्यात विरघळवा, आणि फिनॉल्फ्थॅलिन टाकून ०.०१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाने रंग जाईपर्यंत मोजा. समजा २ मिलिलिटर लागलं. म्हणजे २० मायक्रोमोल हायड्रॉक्साइड. ते सगळं ऑक्साइडपासून आलं असेल तर ऑक्साइड १० मायक्रोमोल, ग्रॅमला ०.१६ मिलिग्रॅम ऑक्सिजन, म्हणजे १६० पीपीएम. मूळ रसातच हायड्रॉक्साइड असेल तर हिशेब बदलतो. या पद्धतीत दोघांमधला फरक कळत नाही.

सतत नजर ठेवायची असेल तर यिट्रियाने स्थिर केलेल्या झिर्कोनियाचा (ऑक्साइड आयन वाहू देणाऱ्या सिरॅमिकचा) इलेक्ट्रोड लावा. ऑक्साइडची तीव्रता दहापट बदलली की ४५० °से. ला विभव सुमारे ७२ मिलिव्होल्टने सरकतं. तेवढा उतार मिळाला नाही तर तो इलेक्ट्रोड बिघडला आहे किंवा मोजमाप ऑक्साइडचं होत नाही. ज्ञात वजनाचा लिथियम ऑक्साइड थोडा थोडा टाकून आधी हा उतार तपासा. फ्लुओराइड रस झिर्कोनिया खातो, तिथे हा इलेक्ट्रोड फार दिवस टिकत नाही.

पायरी ६: धातू-क्षारालाच मापक बनवणं

माझी आवडती चाचणी ही, आणि तिला वेगळं उपकरण लागत नाही. क्लोराइड रसात दुर्मिळ मृदा धातूचा क्लोराइड एकेक मिलिमोल टाकत जा. प्रत्येक वेळी अर्धा-पाऊण तास थांबा आणि त्याच इलेक्ट्रोडवर, त्याच खोलीपर्यंत बुडवून, त्याच गतीने चक्रीय व्होल्टामेट्री घ्या, म्हणजे विभव पुढे-मागे फिरवत प्रवाह मोजा. पहिल्या एक-दोन भरींना क्षपणाची लाट (आलेखावरचा प्रवाहाचा उंचवटा) दिसतच नाही. टाकलेलं सगळं ऑक्साइड गिळतो. तिसऱ्या भरीला लाट उठते आणि पुढे सरळ रेषेत वाढते. आता टाकलेल्या मिलिमोलांसमोर शिखर-प्रवाह मांडा आणि रेषा मागे वाढवा. ती आडव्या अक्षाला २.३ वर छेदत असेल तर रसात साधारण २.३ मिलिमोल ऑक्साइड होता, ऑक्सिक्लोराइडमध्ये एकास एक प्रमाण आहे असं धरून. तळाशी बसलेला गाळ ढवळू नका. वरचा रस आता पुष्कळ स्वच्छ आहे, तोच वेगळ्या मुशीत ओतून घेता आला तर उत्तम.

लाट पाहताना तिच्या आकाराकडेही लक्ष द्या. फ्लुओराइड रसात टँटलमची लाट पाच इलेक्ट्रॉनांची एकच असते. तिच्यामागे, आणखी ऋण बाजूला दुसरी लाट उमटली आणि थोडा ऑक्साइड मुद्दाम टाकल्यावर ती वाढली, तर संशयाला जागा नाही. उलट कार्यक्षमता कमी आली, म्हणजे खर्चलेल्या विजेच्या मानाने धातू कमी मिळाला, म्हणून लगेच ऑक्साइडवर खापर फोडू नका. क्लोराइड रसात निओडिमियम धातू स्वतःच्या त्रिसंयुजी आयनाशी भिडून द्विसंयुजी आयन बनतो आणि परत विरघळतो. कितीही स्वच्छ रस असला तरी ते होतंच.

पायरी ७: थर बसवणं आणि बाहेर काढणं

सुरुवात कमी प्रवाह-घनतेने (पृष्ठभागाच्या दर चौरस सेंटिमीटरमागे कमी प्रवाहाने) करा. ऑक्साइडचा अंश थोडा जास्त असताना प्रवाह वाढवला की पृष्ठभागाजवळचे धातू-आयन संपतात आणि तिथलं ऑक्साइड-धातू गुणोत्तर बाकीच्या रसापेक्षा वाढतं. बाकी रस ठीक असूनही कॅथोडजवळ परिस्थिती बिघडते ती अशी.

थर बाहेर काढताना बरेच लोक घात करून घेतात. तुकडा रसाच्या वर उचला, पण आर्गॉनमध्येच १०० अंशांच्या खाली येईपर्यंत ठेवा. बारीक भुकटी पाण्याने धुतली तर तिच्या पृष्ठभागावर नवा ऑक्साइड बसतो आणि विश्लेषणात आलेला ऑक्सिजन रसातला की धुण्यातला हे सांगता येत नाही. शक्य असेल तिथे चिकटलेले क्लोराइड व्हॅक्यूममध्ये ऊर्ध्वपातनाने काढा. फ्लुओराइडचा प्रश्न वेगळा: लिथियम फ्लुओराइड पाण्यात जेमतेम विरघळतं, त्यामुळे पाण्याने धुऊन पांढरा थर राहतोच. ॲल्युमिनियम नायट्रेटच्या कोमट द्रावणात तो सुटतो.

ऑक्साइड हवा असतो तेव्हा

ॲल्युमिनियम तर ऑक्साइडवरच चालतो. हॉल आणि हेरो यांनी १८८६ मध्ये शोधलेल्या पद्धतीत क्रायोलाइटमध्ये काही टक्के ॲल्युमिना विरघळलेला असतोच, आणि तो फार कमी झाला की ॲनोडवर वायूचा पडदा धरून विभवांतर एकदम उसळतं. निओडिमियमचं औद्योगिक उत्पादनही फ्लुओराइड रसात निओडिमियम ऑक्साइड भरत राहून होतं. तिथली अडचण उलटी, ऑक्साइड विरघळतो त्यापेक्षा जास्त टाकला की गाळ साचतो. टंगस्टनचे थर सोडियम टंगस्टेट आणि टंगस्टन ट्रायऑक्साइडच्या रसातून बसवतात. केंब्रिजच्या फ्रे, फार्थिंग आणि चेन यांनी २००० मध्ये मांडलेल्या पद्धतीत तर टायटॅनियम डायऑक्साइड हाच कॅथोड असतो आणि त्यातून सुटलेला ऑक्साइड कॅल्शियम क्लोराइडच्या रसातून ॲनोडकडे जातो. या सगळ्या रसांत कॅल्शियम क्लोराइड किंवा क्रायोलाइटसारखा ऑक्साइड पोटात घेणारा घटक असतो, आणि धातू अशा संकुलातून येतो की ऑक्सिजन सोडून देणं त्याला परवडतं. टँटलम किंवा झिर्कोनियमचा सलग थर हवा असेल तर त्या पद्धतींचं अनुकरण करू नका. पायरी ५ चा आकडा आणि पायरी ६ चा छेदबिंदू एकमेकांशी जुळत नसेल, तर थर बसवायला घेण्याआधी झाकण पुन्हा उघडा आणि ओ-रिंगपासून सुरुवात करा.